बाससाठी वर्म कोणता घ्यावा? आधी तो पाण्यात कसा पडतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डॅलसच्या उत्तरेला राहता. घराजवळच्या वसाहतीच्या तळ्यावर आणि अधूनमधून रे रॉबर्ट्स तलावाच्या काठावर जाता. बोट नाही, सात फुटी मध्यम ताकदीचा एकच स्पिनिंग रॉड आहे, आणि लार्जमाउथ बास पकडायचा आहे. दुकानात प्लॅस्टिकच्या वर्मच्या, म्हणजे गांडुळाच्या आकाराच्या मऊ आमिषाच्या, पाकिटांनी भरलेली भिंत बघितली आणि रंगांची नावं वाचता वाचताच परत आलात. तर वर्म कोणता घ्यावा आणि रंग कोणता?

आधी यादी देतो, कारणं मागाहून. पाच इंची सेंको, किंवा त्याच धर्तीचा कुठल्याही कंपनीचा जाडसर, सरळ, मीठ घातलेला वर्म: एक पाकीट. सहा-सात इंची रिबन टेल, म्हणजे लांब नागमोडी शेपटीचा: एक पाकीट. साडेचार इंची बारीक फिनेस वर्म: एक पाकीट. पहिला आणि तिसरा ग्रीन पम्पकिन, म्हणजे तपकिरी झाक असलेल्या हिरव्या रंगात, मधला काळा-निळा किंवा जूनबग, म्हणजे गडद जांभळा. एवढ्यावर तुमचं वर्षभर भागेल. उरलेल्या भिंतीकडे बघायचं झालं तर करमणूक म्हणून बघा.

आता कारणं. वर्म निवडायचा म्हणजे रंग निवडायचा, असं नवीन माणूस धरून चालतो, कारण दुकानातली मांडणीच तशी असते. एकाच आकाराचे चाळीस रंग शेजारी शेजारी टांगलेले असतात, पण तो आकार पाण्यात काय करतो हे कुठेच लिहिलेलं नसतं. गावाकडे गळाला गांडूळ लावून नदीकाठी बसायची सवय असेल तर हा घोळ आणखी वाढतो. जिवंत गांडूळ तळाला नुसतं पडून राहिलं तरी काम करतं. वास त्याचा, वळवळ त्याची, मासा शोधत येतो. प्लॅस्टिकच्या वर्ममध्ये स्वतःचं असं काही नाही. त्याला जीव येतो तो दोनच वेळा: तुम्ही रॉडचं टोक हलवता तेव्हा, आणि तो पाण्यातून खाली पडत असतो तेव्हा. त्यातही बास जास्त करून पडतानाच तोंड मारतो. टाकल्यावर पहिल्याच पडण्यात, नाहीतर तुम्ही वर्म तळावरून फूटभर उचलून सोडलात की त्या दुसऱ्या पडण्यात.

बास दबा धरून बसणारा मासा आहे. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी, पाणवनस्पतींच्या कडेला, धक्क्याच्या सावलीत तो थांबून राहतो. समोरून काहीतरी असहायपणे खाली चाललंय असं दिसलं की जबडा उघडतो आणि ते पाण्यासकट आत ओढून घेतो. म्हणून वर्म हातात घेतल्यावर पहिला विचार हाच करायचा, की हा किती वेगाने पडेल, सरळ पडेल की डुलत पडेल, आणि पडताना शेपटी हलेल की गप्प राहील. रंगाची पाळी त्यानंतर.

पडण्याचा वेग आधी मालावरून ठरतो. बहुतेक वर्म पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं तेलकट द्रव्य एकत्र तापवून, साच्यात ओतून केलेले असतात. त्यात मीठ नसेल किंवा अगदी थोडं असेल तर वर्म जवळपास तरंगतो आणि हुकच्या वजनाने कसाबसा खाली जातो. मीठ ठासून भरलं की तोच आकार स्वतःच्या वजनाने बुडतो, पण लवकर फाटतोही. सेंको दोन-तीन माशांत फाटला म्हणून लोक चिडतात. पण ज्या मिठामुळे तो फाटतो त्याच मिठामुळे तो मासा आणतो. झी-मॅन कंपनीचे वर्म वेगळ्याच पदार्थाचे असतात. ते वाटेल तेवढे ताणले जातात, सहसा फाटत नाहीत आणि पाण्यावर चक्क तरंगतात. चिवट आहेत म्हणून सेंकोच्या जागी तेच घेऊ, असा हिशेब करू नका. वजनाशिवाय ते पडतच नाहीत.

सेंको गॅरी यामामोटो यांनी १९९०च्या दशकात बाजारात आणला. त्याला शेपटी नाही, पाय नाहीत, काही नाही. हातात घेतला तर कुणी यासाठी सात-आठ डॉलर का द्यावेत असं वाटतं. पाच इंची सेंकोचं वजन साधारण ३/८ औंस, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे शिशाच्या वजनाशिवाय, नुसत्या हुकवर तो स्पिनिंग रॉडने चांगला लांब फेकता येतो. काठावरून फेकणाऱ्याला एवढं एक कारणही पुरे आहे. पण खरी गंमत पडण्यात आहे. शिसं न लावता सोडला तर तो पिंपळाचं पान हवेत डुलत खाली यावं तसा आडवा राहून, दोन्ही बाजूंना झुकत, टोकं किंचित थरथरवत उतरतो. तुम्ही काहीच करायचं नसतं, आणि नवीन माणसाला नेमकं तेच जमत नाही.

हे डोळ्यांनी बघा. पुढच्या वेळी तळ्यावर गेलात की पायाजवळच्या दोन फूट स्वच्छ पाण्यात हुकला लावलेला वर्म सोडा आणि बघत राहा. लाइन ढिली ठेवून सोडा, मग ताणून धरून सोडा. ताणलेल्या लाइनवर तो खाली पडण्याऐवजी झोका घेत तुमच्याकडे येतो आणि थरथर जवळजवळ बंद होते. म्हणजे वीस यार्डांवर टाकलेला वर्म तुम्ही लाइन ताणून धरलीत तर झाडापासून दूर सरकत येतो, आणि मासा राहतो झाडाशी. वर्म पाण्यावर आपटला की बेल, म्हणजे रीळवरची लाइन अडवणारी तार, बंद करा, रॉडचं टोक थोडं पुढे न्या, आणि लाइनला इतकीच ढील द्या की ती पाण्यावर सैल पडून राहील, पण नजरेतून सुटणार नाही.

कारण तोंड मारलेलं हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळतं. पडता पडता लाइन टचकन उडते. किंवा सावकाश बाजूला सरकू लागते. किंवा, हे तिसरं बरेच जण सोडून देतात, लाइन अपेक्षेपेक्षा लवकर थांबते. टाकल्यापासून मनात आकडे मोजायची सवय लावा. एखाद्या जागी तळ नऊ आकड्यांवर लागतो हे एकदा कळलं, आणि पुढच्या फेकीत लाइन पाचावरच थांबली, तर मधल्या पाण्यात वर्म कुणीतरी धरलाय. ढील गुंडाळा आणि रॉड उचला.

सेंको हुकला लावायच्या दोन रीती तुमच्या कामाच्या. मोकळ्या पाण्यात वॅकी: हुक वर्मच्या बरोबर मधोमध आडवा, दोन्ही टोकं मोकळी. एक नंबरचा किंवा १/० हुक पुरे (१/०, ३/० असा आकडा वाढतो तसा हुक मोठा). थेट मांसात हुक घातलात तर दर माशामागे वर्म तुटून जाईल, म्हणून मध्यावर छोटा रबरी ओ-रिंग चढवा आणि हुक त्याच्या खालून घाला. एका पाकिटाची तीन पाकिटं होतात. मात्र वॅकीवर मासा खोलवर गिळतो, म्हणून लाइन हलली की वाट बघत बसू नका. वसाहतीच्या तळ्यात काठालगत सगळीकडे शेवाळ आणि गवत असतं. तिथे दुसरी रीत, म्हणजे टोक लपवलेला ३/० किंवा ४/० रुंद वाकाचा ऑफसेट हुक, शिशाशिवाय.

हा हुक नीट लावणं फार महत्त्वाचं आहे, आणि ते नुसतं वाचून येत नाही. घरी टेबलावर बसून करून बघा. हुकचं टोक वर्मच्या डोक्यात मधोमध, पाव इंच आत घाला आणि बाजूने बाहेर काढा. हुक पूर्ण ओढून घ्या, म्हणजे डोकं हुकच्या वरच्या खांद्यावर येऊन बसेल. आता हुक अर्धा फिरवा, टोक वर्मकडे वळेल. मग वर्म मोकळा लोंबू द्या आणि हुक त्याच्या अंगालगत धरून बघा, की वाकाचा तळ वर्मवर नेमका कुठे येतो. तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करा. त्या खुणेवरच हुक आत घाला, सरळ आरपार बाहेर काढा, आणि टोक पुन्हा पाठीच्या पातळ सालीत किंचित खोचून ठेवा. आता डोळ्यांसमोर धरा. वर्म एकदम सरळ लोंबायला हवा. खूण दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे झाली तरी त्याला बाक येतो. बाक आला की तो पडताना गरगर फिरतो, लाइनला पीळ बसतो, आणि असल्या फिरणाऱ्या वर्मकडे बास ढुंकून बघत नाही. वाकडा बसला तर काढा आणि पुन्हा लावा, आळस नको.

दुसरं पाकीट रिबन टेलचं. इथे टेक्सासचा थोडा इतिहास येतो. धंदा म्हणून चाललेला पहिला प्लॅस्टिकचा वर्म निक क्रीम या कारागिराने १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये केला, आणि पुढे त्याची कंपनी आली टायलरला, तुमच्यापासून दोनेक तासांवर. ते सुरुवातीचे वर्म हुक, मणी आणि छोटा पंखा आधीच जोडलेले असे विकले जायचे. हुक उघडे. टेक्सासच्या नव्या धरणांमध्ये पाण्याखाली आख्खी जंगलं उभी होती, तिथे उघडा हुक पहिल्या फांदीतच अडकणार. त्यातून टोक वर्ममध्ये लपवायचं आणि नाकासमोर गोळीच्या आकाराचं सरकतं शिसं लावायचं, ही पद्धत रुळली. तिलाच टेक्सास रिग म्हणतात.

रिबन टेलची शेपटी वेगाशिवाय चालत नाही, म्हणून त्याला शिसं लागतंच. शिसं नाकाशी खाली ओढतं, मागे ती लांब शेपटी पूर्ण उलगडून फडफडत राहते. पाणी गढूळ असेल, उन्हाळ्यात मासा चपळ असेल, संध्याकाळ होत आली असेल, तर हे फडफडणं बासला अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या रेषेने, जाणवतं, दिसलं नाही तरी. थंड पाण्यात मात्र तीच शेपटी अंगाशी येते. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की तिथलं काहीच एवढ्या जोरात हलत नसतं. तेव्हा सरळ शेपटीचा, बारीक, गरीब दिसणारा वर्म बरा.

शिसं किती? तळ हाताला कळेल एवढं कमीत कमी. सहा फुटांपर्यंत पाण्यात १/८ औंस. त्याहून खोल गेलात, किंवा टेक्सासचा तो नेहमीचा दक्षिणेचा वारा सुटला, तर ३/१६ किंवा १/४. दाट गवतातून आरपार खाली जायचं असेल तर ३/८, पण तुमचा मध्यम रॉड तिथे रडकुंडीला येईल. गवतात शिसं आणि वर्म वेगळे होऊ नयेत म्हणून शिशाच्या वर लाइनवर रबराचा छोटा अडसर लावतात. मोकळ्या तळावर तो काढून टाका. शिसं आधी तळाला जातं आणि मागून वर्म जरा निवांत पडतो, ते जास्त चांगलं. शिशाऐवजी टंगस्टन घेतलंत तर तेवढ्याच वजनाला आकार बराच लहान येतो, आणि खाली खडी आहे की चिखल हे हाताला स्पष्ट कळतं. महाग आहे, फांदीत अडकून तुटलं की जीव हळहळतो. सुरुवातीला काठावरून शिसंच वापरा. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर वगैरे ईशान्येकडच्या काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे. तिकडे नातेवाइकांकडे रॉड घेऊन जाणार असाल तर डबीतली शिशाची वजनं काढून ठेवा.

शिसं आणि वर्म यांचं पडणं वेगळं करायची कल्पना पूर्ण ताणली की कॅरोलायना रिग होतो. जड शिसं लाइनवर पुढे, मग एक कडी, मग दोन-तीन फूट मोकळी लाइन, आणि टोकाला छोटा हलका वर्म. शिसं धपकन तळाला बसतं, वर्म त्याच्यामागे तरंगत तरंगत येतो. जॅक चॅन्सेलर यांनी १९८५ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा याच पद्धतीने जिंकली, आणि त्यांच्या त्या छोट्या वर्मचं नावच ‘डू-नथिंग’ होतं. रे रॉबर्ट्सच्या वाळूखडीच्या मोकळ्या टोकांवर काठावरून लांब फेकून सावकाश ओढायला हा प्रकार छान आहे. वसाहतीच्या तळ्यात मात्र करू नका, प्रत्येक फेकीला पाव किलो शेवाळ घरी आणाल.

तिसरं पाकीट, साडेचार इंची बारीक वर्म. स्टेट पार्कच्या काठावर शनिवार-रविवारी किती माणसं असतात ते तुम्ही बघितलंच असेल. तिथल्या बासनी सगळी भिंत पाहिलेली आहे. थंडीची लाट येऊन आभाळ निरभ्र झालं, हवेचा दाब चढला, की मासा आणखी तोंड मिटून बसतो. अशा वेळी लहान, सरळ, काहीही न करणारा वर्म. १/८ औंसच्या शेकी हेडवर लावा, म्हणजे शिशाचं डोकं तळावर टेकून वर्म तिरका उभा राहतो. रॉडचं टोक नुसतं थरथरवायचं, डोकं जागचं हलता कामा नये. याहून लहान म्हणजे नेड रिग: पावणेतीन इंची तुकडा, १/१५ ते १/१० औंसचं चपट्या टोपीचं डोकं. इथे ते तरंगणारं झी-मॅनचं प्लॅस्टिक हवं, कारण शेपूट वर करून उभं राहणं हेच त्याचं काम.

ड्रॉप शॉट हा प्रकार माझ्या ‘पडणं आधी’ या नियमाला अपवाद आहे. त्यात शिसं लाइनच्या शेवटी, तळाला, आणि हुक त्याच्या फूटभर वर. वर्म पडत नाही, एका जागी तरंगत थरथरतो. ही पद्धत जपानकडून आली आणि कॅलिफोर्नियाच्या स्वच्छ, खोल जलाशयांत आधी रुजली. तिथे वीस फूट खालचं दिसतं, म्हणून तिथले लोक रोबोवर्म कंपनीच्या अर्धपारदर्शक रंगांवर तासन्‌तास वाद घालतात, आणि तिथे तो वाद करण्यासारखा आहेही. आपल्याकडच्या चहाच्या रंगाच्या पाण्यात नाही.

रंगाबद्दल आता. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी लार्जमाउथला रंगीत लक्ष्यं ओळखायला शिकवून त्याची नजर तपासली आहे. लाल आणि हिरवा त्याला उत्तम ओळखता येतात. निळा आणि काळा यांत तो गडबडतो, आणि पोपटी-पिवळा शार्ट्र्यूज आणि पांढरा यांतही. म्हणजे काळा-निळा वर्म त्याच्या दृष्टीने बहुधा काळाच आहे, निळी चमक आपल्या समाधानासाठी. म्हणून काळ्या-निळ्यातल्या सहा छटांमध्ये कोणती घेऊ असा प्रश्न पडला की जी स्वस्त ती घ्या.

पाण्याचा अंदाज असा घ्या: वर्म पायाशी पाण्यात सोडा आणि किती खोलीवर दिसेनासा होतो ते बघा. दोन-तीन फुटांपर्यंत दिसत असेल तर ग्रीन पम्पकिन, किंवा वॉटरमेलनमध्ये लाल कण असलेला. फूटभरातच गायब होत असेल, पावसानंतर लाल माती आली असेल, किंवा अंधार पडला असेल, तर काळा-निळा किंवा जूनबग. गढूळ पाण्यात उठून दिसायला भडक रंग हवा असं वाटणं साहजिक आहे, पण वरच्या फिक्या उजेडासमोर काळी आकृतीच स्पष्ट उमटते. एक गुलाबी बबलगम किंवा पांढरा वर्म मार्च-एप्रिलमध्ये जवळ ठेवायला हरकत नाही. तेव्हा पाणी ६० ते ७० अंशांच्या दरम्यान येतं, बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, आणि असा वर्म *तुम्हाला* दिसतो. तो पांढरा ठिपका एकाएकी नाहीसा झाला की ओढायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जाऊच नका. उजाडता उजाडता सावलीच्या कडेला रिबन टेल, ऊन चढलं की धक्क्याखाली सेंको, आणि दहाला घरी. ऑक्टोबरात बास शॅड माशांच्या थव्यांमागे मोकळ्या पाण्यात पळत असतो. तेव्हा मी स्वतः वर्म बाजूला ठेवून स्विमबेट, म्हणजे माशासारखं पोहणारं आमिष, लावतो.

लाइनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्यावर पडणं अवलंबून असतं म्हणून सांगतो. रीळवर दहा पाउंडी वेणीची लाइन, पुढे सहा-आठ फूट आठ पाउंडी फ्लुरोकार्बन, मध्ये डबल युनी गाठ. जाड लाइन हलक्या वर्मला पाण्यात धरून ठेवते आणि सेंकोचं डुलणं मारते. रिबन टेलला ३/० हुक, फिनेस वर्मला १/० किंवा २/०. लपवलेल्या हुकवर मासा लागला की आधी ढील गुंडाळा, मग जोरात वर, कारण टोकाला प्लॅस्टिक भेदून जबड्यात जायचं असतं. वॅकीवर नुसतं रीळ फिरवत रॉड बाजूला घ्या.

वासाचा मसाला, लसणाचं तेल, बडीशेपेचा अर्क यांवर दुकानात आणखी एक भिंत असते. वासामुळे लांबचा मासा येतो यावर माझा विश्वास नाही. तोंडात घेतलेला वर्म तो अर्धा सेकंद जास्त धरून ठेवतो यावर आहे, पण ते काम सेंकोतलं मीठ करतंच. त्यापेक्षा हाताला लागलेलं डासांचं औषध धुऊन टाका. डीट असलेलं औषध मऊ प्लॅस्टिकला विरघळवतं, आणि वासाचं तर विचारूच नका.

पाकिटं त्यांच्या त्यांच्या पिशवीतच ठेवा. झी-मॅनचे वर्म बाकीच्यांबरोबर एका डबीत ठेवलेत तर आठवडाभरात दोन्हींचा मिळून एक चिकट गोळा होईल. काळा आणि फिका एकत्र ठेवलेत तर फिक्याला डाग पडतील. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात ठेवू नका. पिशवीत दुमडून वाकडे झालेले फेकायचे नसतात. उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, ताटलीत सरळ पसरा, वरून गार पाणी, पुन्हा नवे. भांडं मात्र स्वयंपाकाचं नको. आणि फाटलेले वर्म पाण्यात टाकू नका. मासे ते तळावरून उचलून गिळतात आणि ते पोटात पचत नाहीत. एक रिकामी पिशवी त्यासाठीच खिशात असू द्या.

‘सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला?’ हे घरून विचारलं जाईलच. माझ्या सासूबाई दर भेटीत विचारतात. कालवणासाठी हवा असेल तर क्रॅपी किंवा कॅटफिश पकडा, चवीला दोन्ही सरस. बास ठेवायचाच असेल तर टेक्सासचा सर्वसाधारण नियम दिवसाला पाच, लांबी किमान १४ इंच. पण तलावागणिक नियम बदलतात. पूर्व टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही, आणि २४च्या वरचा दिवसाला एकच. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. बाकी सार्वजनिक पाण्यावर सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या जवळपास प्रत्येकाला लागतो.

लेक फोर्कचा विषय निघालाच आहे तर ते दहा इंची वर्म, जे तुम्ही नक्की हातात घेऊन बघितले असणार. राज्याचा विक्रमी १८.१८ पाउंडांचा बास १९९२ साली त्याच तलावातून निघाला, त्यामुळे मोह होतो. मोठ्या वर्मवर मासे कमी लागतात आणि मोठे लागतात, हे साधारण खरं आहे. पण त्याला ५/० हुक, १५-१७ पाउंडी लाइन आणि जाड कण्याचा बेटकास्टिंग रॉड लागतो. तुमच्या स्पिनिंग रॉडने एवढ्या प्लॅस्टिकमधून हुक बाहेर निघणारच नाही. दुसरा रॉड घ्याल तेव्हा जूनच्या रात्रीसाठी प्लम रंगात एक पाकीट घ्या. तोपर्यंत सेंकोचं पहिलं पाकीट संपवा.